बाजारचौकातला क्रूस आणि त्याच्या दरजा

नमस्कार मंडळी.

एडिनबरा पाहून आलेल्या आपल्याकडच्या बहुतेकांच्या फोनमध्ये सेंट जाइल्स चर्चचा फोटो असतोच. त्या फोटोच्या कडेला बऱ्याचदा एक अष्टकोनी दगडी बांधकाम अर्धंमुर्धं आलेलं असतं. खाली बुटका बुरूज, त्यावर सडसडीत खांब आणि खांबाच्या टोकाला युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी घोडा. चर्च बघण्याच्या नादात त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. आज आपण त्याच्याकडेच बघणार आहोत, आणि जोडीला स्कॉटलंडच्या इतर गावांतल्या त्याच्या भाऊबंदांकडे.

त्याचं नाव मर्कॅट क्रॉस. मर्कॅट म्हणजे मार्केट, स्कॉट बोलीतलं. बाजाराचा क्रूस. आता क्रूस म्हटला की उभी-आडवी दांडी डोळ्यांपुढे येते, आणि इथे तर ती कुठेच दिसत नाही. असे सुमारे सव्वाशे क्रूस आज स्कॉटलंडमध्ये उभे आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या माथ्यावर क्रूस नाही. कुठे युनिकॉर्न, कुठे सिंह, कुठे नुसता दगडी गोळा. नाव मात्र क्रॉसच. हे असं का झालं, आणि शतकानुशतकं वाऱ्यापावसात उभा असलेला हा दगड कशाने टिकतो, कशाने ढासळतो, हे दोन्ही कळायचं तर एक जागा बघायला शिकावं लागतं. ती जागा म्हणजे दरज. दोन दगड भेटतात तिथली फट. क्रूसाचा इतिहास दरजेत सापडतो आणि त्याचं दुखणंही तिथूनच सुरू होतं.

आधी हा क्रूस असायचा कशासाठी, ते पाहू. 12व्या शतकात पहिला डेव्हिड हा राजा स्कॉटलंडवर राज्य करत होता, 1124 ते 1153. त्याने बेरिक, रॉक्सबरा, एडिनबरा, स्टर्लिंग अशा ठिकाणी बर्ग वसवले. बर्ग म्हणजे सनद मिळालेलं व्यापारी गाव. आपल्याकडे पेठ वसवायची तर जशी सनद लागायची, साधारण तसंच. सनद असेल तर बाजार भरवता येई, जकात घेता येई. पुढे विल्यम द लायनच्या काळात, म्हणजे 1165 ते 1214 या दरम्यान, हुकूम निघाला की विकायचा माल बर्गच्या बाजारात, क्रूसापाशी आणूनच मांडावा. म्हणजे क्रूस ही खूण झाली: इथे बाजार भरवायचा हक्क आहे. कागदावरची सनद पेटीत कुलूपबंद असायची. चौकातला दगड मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायचा.

खूण सुरुवातीला क्रूसाचीच होती, कारण त्या काळात क्रूसापुढे दिलेला शब्द मोडणं म्हणजे देवापुढे खोटं बोलणं. सौदा क्रूसापाशी झाला की तो पक्का. मग 1560 साली धर्मसुधारणा झाली. नव्या प्रॉटेस्टंट पंथाला मूर्ती आणि क्रूस नकोसे झाले. कित्येक ठिकाणी माथ्यावरचा क्रूस गेला आणि त्या जागी राजाचं चिन्ह, म्हणजे युनिकॉर्न, आलं. खांब तोच, हक्क तोच, नावही तेच. खांबाच्या माथ्यावर दगडाची जात बदललेली दिसली, किंवा वरच्या आकृतीची बैठक खालच्या शीर्षाच्या, म्हणजे खांबाच्या माथ्यावर बसवलेल्या घडीव दगडाच्या, मापाशी जुळत नसली, तर तिथे कधीतरी अदलाबदल झाली आहे हे समजावं. पहिली वाचायची दरज ती.

क्रूसापाशी काय काय चाले, त्याची यादी लांब आहे. त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण त्यांच्या खुणा अजून दगडावर आहेत. एक म्हणजे माप. स्कॉटलंडमध्ये कापड एल या मापाने विकलं जाई. स्कॉट एल 37 इंचांचा, म्हणजे साधारण 94 सेंटिमीटर. इंग्रजांचा एल 45 इंचांचा. आठ इंचांचा फरक! तक्रार झाली तर मोजायला गावात पक्कं माप हवंच. फेटरकेअर्न गावच्या क्रूसाच्या खांबावर एलच्या लांबीची खूण आहे. हा खांब मूळचा जवळच्या किंकार्डिन गावचा. ते गाव ओसरलं, बाजार हलला, तसा खांबही हलला. डंकेल्डमध्ये एल क्रूसावर नाही, चौकातल्या घराच्या भिंतीत लोखंडी पट्टी बसवली आहे.

दुसरी गोष्ट दवंडीची. स्कॉट कायद्यात कर्ज बुडवणाऱ्यावर अखेरचा इलाज असा होता की सरकारी अंमलदार क्रूसापाशी येई, हुकूम वाचे आणि शिंग तीनदा फुंके. त्या तीन फुंकांनंतर तो माणूस राजाचा बंडखोर ठरे आणि त्याची मालमत्ता जप्त करायला वाट मोकळी होई. परदेशी असलेल्या माणसाला समन्स द्यायचं तर ते एडिनबराच्या क्रूसापाशी आणि लीथ बंदराच्या धक्क्यावर पुकारलं जाई. तेवढ्याने ते त्याला पोचलं असं कायदा धरून चाले. दिवाळं निघालेल्यांसाठी 1606 साली एडिनबराच्या क्रूसाजवळ घडीव दगडाची बैठकच बांधायला लावली. बाजाराच्या दिवशी, पिवळी टोपी घालून, सगळ्यांच्या नजरेसमोर तिथे बसायचं. बदनामी हीच शिक्षा, आणि ती बाजारातच द्यायची, कारण पत बुडाली ती बाजारातली.

दवंडीची प्रथा अजून जिवंत आहे. 11 सप्टेंबर 2022 रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणाची घोषणा एडिनबराच्या याच क्रूसावरून झाली. राजचिन्हांचा कारभार पाहणारे लॉर्ड लायन वरच्या सज्जात उभे राहिले आणि तिथून मजकूर वाचला गेला. संसद विसर्जित होते तेव्हाही ते जाहीर इथूनच होतं.

आता बांधणी. क्रूस दोन तऱ्हेचे. साधा क्रूस म्हणजे चौकोनी किंवा अष्टकोनी पायऱ्यांचा चौथरा आणि त्यावर खांब. थोरला क्रूस म्हणजे खाली गोल किंवा बहुकोनी पोकळ बांधकाम. आत चढायला जिना, वर माणसं उभी राहतील एवढी गच्ची आणि गच्चीच्या मधोमध खांब. थोरल्या तऱ्हेचा अस्सल नमुना बघायचा असेल तर एडिनबराच्या पूर्वेला प्रेस्टनपॅन्सला जा. 1617 च्या सुमाराचा हा क्रूस मूळ जागेवर, मूळ रूपात उभा आहे. गोल भिंत, भिंतीत कोनाडे, आत जायला दार, वर युनिकॉर्न. गावोगाव फिरून माल विकणारे फेरीवाले दरवर्षी जुलैमध्ये इथे जमून आपला पुढारी निवडत. या तऱ्हेचे बाकीचे सगळे हललेले, मोडलेले किंवा पुन्हा रचलेले. म्हणून दरजा वाचताना प्रेस्टनपॅन्स ही आपली फूटपट्टी.

खालून वर मोजत गेलं तर दरजा ठरलेल्या. पाया आणि पहिली पायरी यांच्यामधली. पायऱ्यांमधल्या उभ्या दरजा. मग चौथऱ्याचा सगळ्यात वरचा दगड, ज्यात खोबण असते; खांबाचं खालचं टोक बारीक करून या खोबणीत बसवलेलं असतं आणि भोवती शिसं ओतलेलं किंवा स्लेटच्या पाचरी ठोकलेल्या. खांब एकसंध नसेल तर त्याचे जोड. खांब आणि शीर्ष यांच्यामधली दरज, जिच्या पोटात उभी मेख असते. आणि सगळ्यात वर शीर्ष आणि युनिकॉर्न यांच्यामधली. ही वरची दरज जमिनीवरून दिसत नाही, वारा तिलाच सगळ्यात जास्त हलवतो आणि पाऊस तिथूनच आत शिरतो.

एडिनबराचा क्रूस असा वाचून पाहू. त्याचा कागदोपत्री पहिला उल्लेख 1365 चा. 1617 मध्ये तो रस्त्यात थोडा खालच्या अंगाला हलवला. त्या जागेवर आज फरसबंदीत अष्टकोन आखलेला आहे. हजारो माणसं रोज त्यावरून चालत जातात. 1745 च्या सप्टेंबरमध्ये चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट या, घराण्याची गेलेली गादी परत मिळवायला निघालेल्या राजपुत्राच्या माणसांनी आपल्या राजाची घोषणा इथून केली. 1756 मध्ये रहदारीला अडथळा म्हणून नगरपालिकेने क्रूस पाडला. खांब उतरवताना तुटला. तुकडे गिल्मर्टनजवळच्या ड्रम हाउस या जहागिरीच्या आवारात गेले आणि तिथे शंभराहून अधिक वर्षं उभे राहिले. 1866 मध्ये खांब परत आला आणि सेंट जाइल्सच्या दाराजवळ उभा केला. मग 1885 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान राहिलेले विल्यम ग्लॅडस्टन यांनी स्वतःच्या पैशाने आजचा क्रूस बांधून दिला. ते तेव्हा मिडलोदियनचे, म्हणजे एडिनबराभोवतालच्या मुलखाचे, खासदार, आणि त्यांचं घराणं लीथचं. वास्तुरचना सिडनी मिचेल यांची. अष्टकोनी तळ, आठ बाजूंना चिन्हं, आत जिना.

म्हणजे तुमच्या फोटोतल्या क्रूसाचा तळ व्हिक्टोरियाच्या काळातला, खांबावरचं शीर्ष मध्ययुगीन, जागा मूळची नव्हेच. म्हणून तो खोटा ठरतो का? माझ्या मते अजिबात नाही. चौकात दवंडी पिटायला गावाला क्रूस लागतो, हे गावाने सव्वाशे वर्षांच्या खंडानंतरही विसरलं नाही. दगड बदलले तरी काम चालू राहिलं. पण बघणाऱ्याने जुनं काय आणि नवं काय हे ओळखावं, आणि दुरुस्ती करणाऱ्याने तर ओळखलंच पाहिजे. 1885 च्या घडीव दगडाची दरज बारीक, सरळ, तीन-चार मिलिमीटरची, कडा धारदार. मध्ययुगीन दगडाच्या कडा झिजून गोल झालेल्या, म्हणून दरज रुंद दिसते. आत मात्र ती अरुंदच असते. अशा दरजेत पृष्ठभागापर्यंत चुना भरला तर झिजलेल्या कडांवर चुन्याचा पातळ पापुद्रा चढतो, आणि पहिल्याच हिवाळ्यात गळून पडतो. दरज कडेच्या आत, जिथे दगडाची जाडी पुरी आहे तिथपर्यंतच भरायची.

ॲबर्डीन हे ग्रॅनाइटचं शहर. सगळं गाव राखाडी, चकाकणारं. पण त्याच्या कॅसलगेट चौकातला 1686 चा क्रूस वालुकाश्माचा आहे, जॉन मॉन्टगोमेरी या पाथरवटाने घडवलेला. षट्कोनी, खाली कमानी, वर बारा चौकटी; दहा चौकटींत स्टुअर्ट राजेराण्या, दोनांत राजाची आणि शहराची चिन्हं. ग्रॅनाइटमध्ये त्या काळच्या हत्यारांनी एवढी बारीक नक्षी निघाली नसती, म्हणून मऊ दगड घेतला. किंमत अशी की मऊ दगड झिजतो. 1842 मध्ये हाही क्रूस उकलून आजच्या जागी पुन्हा रचला. ग्लासगोचा तर आणखी वेगळा. जुना क्रूस 1659 मध्ये काढला आणि पुढची पावणेतीनशे वर्षं जागा मोकळी. मग 1930 मध्ये एडिथ बर्नेट ह्यूज या वास्तुविशारद बाईंनी रचलेला नवा क्रूस उभा राहिला. बांधकामाच्या धंद्यात तेव्हा बाया जवळजवळ नव्हत्याच; तरी त्यांच्या नावाकडे फारसं कुणी बघत नाही. इन्व्हरनेसच्या क्रूसाच्या पायात एक ओबडधोबड दगड बसवला आहे, क्लाख ना कुडेन, म्हणजे घंगाळांचा दगड. नेस नदीवरून पाणी भरून येणाऱ्या बाया या दगडावर घंगाळ टेकवून दम खात. घडीव दगडांत हा एक अनघड दगड जपून ठेवणाऱ्यांना मनापासून नमस्कार.

आता मुद्दाम थांबायचं ते पश्चिम किनाऱ्यावर, किन्टायर द्वीपकल्पाच्या टोकाशी, कॅम्पबेलटाउनला. हा क्रूस खरोखर क्रूस आहे आणि तो स्मारक म्हणून घडवलेला आहे. काळ सुमारे 1380. उंची तीन मीटरहून थोडी जास्त. दगड हिरवट छटेचा शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा खडक. माथा तबकडीसारखा गोल, त्यातून क्रूसाच्या बाहू किंचित बाहेर आलेल्या. अंगभर वेलबुट्टी: एक दांडी दुसरीखालून जाते, तिसरीवरून येते, पान फुटतं, पुन्हा गुंफलं जातं. बोट धरून एक दांडी शेवटपर्यंत गेलात तर कुठेही चुकत नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने एकही गाठ चुकवलेली नाही. आकृतींमध्ये सैतानरूपी अजगराला मारणारा देवदूत मायकल आहे, मत्स्यकन्या आहे, समुद्रातला राक्षसी प्राणी आहे. आणि लॅटिन लेख आहे. मथितार्थ असा: हा क्रूस धर्मगुरू ईव्हार मॅकएखर्न यांचा आणि त्यांचा मुलगा अँड्र्यू, किलहोमनचा धर्मगुरू, याचा; याने हा करवून घेतला. बापही धर्मगुरू, मुलगाही धर्मगुरू. रोमच्या नियमाप्रमाणे धर्मगुरूला मूल असायला नको, पण पश्चिमेच्या डोंगराळ मुलखात हे राजरोस चाले आणि दगडावर कोरायलाही कुणाला संकोच वाटला नाही.

हा क्रूस बाजारासाठी नव्हता. 1680 च्या सुमारास तो गावात आणून चौकात उभा केला. गाव वाढत होतं, 1700 मध्ये त्याला राजनगराची सनद मिळाली. सनद असलेल्या गावाला क्रूस हवा, आणि जवळच्या दफनभूमीत तयार, देखणा क्रूस होता. नवा कशाला घडवायचा? क्रूसावर चढवलेल्या ख्रिस्ताची आकृती मात्र छिन्नीने तासून काढली. ती मोकळी जागा आजही दिसते. भोवतालचं कोरीवकाम कडेपर्यंत शाबूत आहे. म्हणजे काढणाऱ्याने हातोडा आंधळेपणाने चालवलेला नाही, नेमकं तेवढंच उचललं. दुसऱ्या महायुद्धात क्रूस सुरक्षित जागी हलवला. युद्धानंतर पुन्हा उभा केला तो धक्क्याच्या तोंडाशी. आज तिथे रहदारीचं वर्तुळ आहे. इन्व्हररीचा क्रूसही याच जातीचा. त्याच्यावर डंकन, त्याचा मुलगा पॅट्रिक आणि पॅट्रिकचा मुलगा मेलमोर अशा तीन पिढ्यांची नावं आहेत. तोही दुसरीकडून आणलेला. कुणाच्या आजोबांच्या आठवणीचा दगड गावाच्या बाजाराची खूण बनला.

शिस्ट आणि वालुकाश्म यांचं दुखणं निराळं, तेव्हा औषधही निराळं.

वालुकाश्म म्हणजे वाळूचे थर दाबले जाऊन झालेला दगड. भिंतीत बसवताना त्याचे थर आडवे ठेवायचे, जसे खाणीत होते तसे. हे प्रत्येक पाथरवटाला ठाऊक असतं. पण क्रूसाचा खांब दोन-तीन मीटर लांब. एवढी लांबी खाणीत थराच्या बाजूनेच मिळते, थराच्या उंचीत मिळत नाही. मग खांब उभा केला की थरही उभे राहतात, पुस्तक उभं ठेवल्यासारखे. वरून पाणी मुरलं की थेट थरांच्या मधून खाली उतरतं. पाण्याचं बर्फ होताना आकारमान 9 टक्के वाढतं. असे शेकडो हिवाळे गेले की बाहेरचे थर पापुद्र्यासारखे सुटतात. खांबावर बोटाच्या पेराने हळू टकटक करत जा. भरीव जागी आवाज बारीक आणि टणक येतो, सुटलेल्या पापुद्र्यावर पोकळ. असा भाग खडूने दगडावर खूण करून दाखवायचा नसतो. फोटोवर किंवा आराखड्यावर आखायचा.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र पाऊस किंवा थंडी नाही. तो आहे सिमेंट. 20व्या शतकात जिथे दरज उघडी दिसली तिथे सिमेंटचा माल भरला गेला, चांगल्या हेतूनेच. सिमेंट दगडापेक्षा टणक आणि पाणी न सोडणारं. दगडात मुरलेलं पाणी पूर्वी चुन्याच्या दरजेतून वाळून बाहेर जायचं. आता ती वाट बंद. मग ते दगडाच्याच तोंडातून बाहेर पडू लागतं, आणि बरोबर क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक दगडाच्या कातडीखाली राहतात, फुगतात आणि कातडी सोलून काढतात. काही वर्षांनी चित्र असं दिसतं: सिमेंटची जाळी उंच उभी आणि दोन्ही बाजूंचा दगड खड्डे पडून आत गेलेला. दरज दगडापेक्षा मऊ हवी. झिजायचं तर तिने झिजावं. दरज पुन्हा भरता येते, 1686 चा कोरीव राजा पुन्हा आणता येत नाही.

खालच्या पायऱ्यांवर आणखी एक क्षार येतो, रस्त्यावरचा. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्यांच्या चाकांनी ते गुडघाभर उंचीपर्यंत उडतं. चौथऱ्याच्या रस्त्याकडच्या बाजूचा दगड भुसभुशीत आणि मागच्या बाजूचा ठणठणीत असेल, तर कारण हेच. इलाज दगडावर नाही, रस्त्यावर आहे: क्रूसाभोवती मीठ न टाकता नुसती खडी टाकणं आणि गाड्या लांब ठेवणारे खुंट रोवणं. दगडावर पाणी न शिरू देणारं लेपन करा असा सल्ला कुणी दिला, तर तो घेऊ नका. लेप बाहेरचं पाणी अडवतो आणि आतलंही.

मग येतं लोखंड. जुन्या दुरुस्त्यांत दोन दगड एकमेकांना धरून ठेवायला लोखंडी आकडे बसवले, शीर्षात लोखंडी मेख घातली. शिशाचं आवरण शाबूत असेल तोवर लोखंड शांत. फट पडली, पाणी गेलं, की गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा सहा-सात पटीपर्यंत जागा घेतो. एवढ्या जोरापुढे दगड तडकतोच. आकड्याच्या वर सरळ रेषेत जाणारी चीर आणि तिच्यातून उतरणारा तांबूस ओघळ दिसला, की आतलं लोखंड फुगतंय हे नक्की. चीर वरून बुजवून उपयोग नाही. आकडा काढावा लागतो. काढताना पहारीने उचकटायचा नाही. भोवतीने बारीक छिद्रं पाडून, शिसं मोकळं करून, उचलायचा. त्या जागी 316 प्रतीचं स्टेनलेस स्टील किंवा कांसं. शिसं ओतायचं असेल तर छिद्र आधी पूर्ण कोरडं करायलाच हवं. शिसं 327 अंशांना वितळतं. ओल्या छिद्रात पडलं तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. हे काम चेहऱ्यावर ढाल आणि हातात चामडी मोजे असल्याशिवाय करू नये.

दरज भरण्याची रीत आता नीट सांगतो, कारण बिघडतं ते बहुतेक इथेच. जुना माल हाताने, अरुंद छिन्नीने किंवा करवतीच्या पात्याने काढायचा. बारीक दरजेत ग्राइंडर घालायचा नाही. चाक दगडाची कड खातं आणि ती कड कायमची जाते. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, आणि कमीत कमी 20 ते 25 मिलिमीटर. मग धूळ धुऊन काढायची आणि दगड ओला करायचा, पण दरजेत पाणी साचलेलं नको. कोरडा वालुकाश्म मालातलं पाणी शोषून घेतो, चुना नीट धरत नाही आणि भुकटी होते. रुंद दरजेला नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, म्हणजे ओलीतही धरणारा, 3.5 प्रतीचा, आणि स्वच्छ टोकदार वाळू, 1 ला 2.5 या मापाने. वाळूचा सगळ्यात मोठा कण दरजेच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून मोठा नको. अगदी बारीक घडीव दरजेला किमान तीन महिने मुरवलेला चुना आणि मैद्यासारखी बारीक वाळू. माल घट्ट हवा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, हाताला लिबलिबीत लागू नये. आतून थराथराने दाबत भरायचा. जरासा आवळला की कडक ब्रशच्या टोकाने ठोकून पृष्ठभाग उघडा करायचा, म्हणजे हवा आत जाते.

चुना वाळून धरत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन धरतो, हायड्रॉलिक चुना पाण्याशी संयोग होऊनही धरतो, आणि त्यासाठी ओल लागते. म्हणून काम झाल्यावर ओलं गोणपाट टांगायचं, वाऱ्याने उडणार नाही असं बांधायचं, आणि निदान आठवडाभर ते ओलसर ठेवायचं. तापमान 5 अंशांच्या खाली जाणार असेल तर काम सुरूच करू नये. स्कॉटलंडमध्ये याचा अर्थ एप्रिल ते सप्टेंबर. ऑक्टोबरात घाईने भरलेली दरज पहिल्याच गोठवणाऱ्या थंडीत फुगते आणि मार्चमध्ये पायथ्याशी पडलेली सापडते. या कामात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो मोसम न पाळल्याने.

खांबाच्या खोबणीकडे खास लक्ष द्यावं. ती वाटीसारखी असते आणि खांबावरून ओघळणारं सगळं पाणी तिच्यात जमतं. तिच्या तोंडाशी चुन्याचा उतार हवा, बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला उतरता केला तर आपणच पाणी आत पाठवतो. खांब ओळंब्यात आहे का हे दरवर्षी मोजून लिहून ठेवावं. कलला आहे एवढं पुरेसं नाही. गेल्या वर्षी होता तेवढाच कललेला असेल तर तो शंभर वर्षं तसाच उभा राहू शकतो. दरवर्षी दोन मिलिमीटर वाढत असेल तर पायाखाली काहीतरी चाललं आहे.

शिस्टचं वेगळं. तो पाणी फारसं पीत नाही, म्हणून कॅम्पबेलटाउनची वेलबुट्टी सहाशे वर्षांनंतरही हाताला लागते. पण त्याच्या पापुद्र्यांना धक्का सहन होत नाही. त्याला गाडीचा मागचा बंपर हिवाळ्यापेक्षा घातक. त्याच्यावरची दगडफुलं खरवडू नयेत. बरोबर दगडाचा कणही निघतो आणि अक्षराची कड जाते. अक्षरं वाचायची असतील तर रात्री बॅटरी आडवी धरावी, लॅटिन आपोआप उठून येतं. कागद ठेवून पेन्सिल घासणं किंवा खडूने अक्षरं भरणं, दोन्ही टाळावं.

यातलं कुठलंही काम आपल्या मनाने करता येत नाही. बरेच क्रूस संरक्षित स्मारकं आहेत आणि त्यांना हात लावायचा तर हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या संस्थेची लेखी परवानगी लागते. नुसती दरज भरायची असली तरी. काही क्रूस वारसा यादीतल्या इमारती म्हणून नोंदलेले आहेत, त्यांची परवानगी स्थानिक परिषदेकडून.

बघायला मात्र परवानगी लागत नाही. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. दुर्बीण न्या, साधी चालेल. दगड वाळून फिका झालेला असतो आणि जिथे पाणी अडकलं आहे तिथे काळपट पट्टा राहतो. आधी माथ्यावरची दरज बघा, युनिकॉर्नच्या पायाखालची. मग शीर्षाखालची. मग खोबण. मग रस्त्याकडच्या पायऱ्या. चारही बाजूंनी फिरा, आणि प्रत्येक बाजूचा फोटो त्याच जागेवरून काढा, पुढच्या वर्षी ताडून बघायला. नैर्ऋत्येची बाजू शेवटी ठेवा; स्कॉटलंडचा पाऊस बहुतेक तिकडूनच येतो आणि ती बाजू सगळ्यात उशिरा वाळते.